काडी असली की उदबत्ती ‘नकली’?

‘खरी बौद्ध उदबत्ती अशी ओळखा’ हा मजकूर तुमच्याकडेही एव्हाना दोन-तीनदा आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परंपरेने बनवलेल्या उदबत्तीत बांबूची काडी नसते, ती निव्वळ चंदनाची असते, तिचा धूर फुफ्फुसांना औषधी असतो आणि तीत प्राणिज काहीही नसतं.

आधी काडी. जपानी आणि तिबेटी उदबत्ती बिनकाडीची असते, एवढं बरोबर. पण चीन, तैवान, व्हिएतनाममधल्या बौद्ध मंदिरांत पिढ्यानपिढ्या काडीचीच लावतात. हनोईजवळच्या क्वांग फू काऊ गावात तर लाल रंगवलेल्या काड्यांच्या जुड्या पंख्यासारख्या पसरून अंगणभर वाळत घातलेल्या दिसतात. ही सगळी मंडळी नकली पूजा करतात म्हणायचं का?

‘निव्वळ चंदन’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने उदबत्ती कधी वळून पाहिलेली नाही. चंदनाची पूड नुसत्या पाण्यात मळून वळा. वाळली की हातात भुगा येईल. धरून ठेवायला चिकट साल लागते. जपानमध्ये ती ‘ताबु’ झाडाची, भारतातल्या उदबत्तीत जिगट. दोन्ही दालचिनीच्याच कुळातल्या झाडांच्या साली. पाणी लागलं की बुळबुळीत, वाळली की घट्ट, आणि स्वतःचा वास इतका मंद की मुख्य सुगंधाच्या आड येत नाही. वस्त्रगाळ पुडी आणि ही साल एकत्र मळायची, गोळा शेवया पाडाव्यात तसा साच्यातून दाबायचा, ओल्या बत्त्या फळीवर सरळ करून कापायच्या आणि सावकाश वाळवायच्या. घाई केली की वाकतात. जपानच्या आवाजी बेटावर हा धंदा 1850 मध्ये आला. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की मासेमारी बंद पडायची. मग तोच वारा घरोघरी उदबत्त्या वाळवायला कामी आला.

तिबेटात न्येमो या उदबत्तीसाठी प्रसिद्ध भागाची तऱ्हा वेगळी. तिथे ओढ्यावरच्या पाणचक्कीला सरूच्या जातीचा ओंडका जोडून तो दगडावर घासत ठेवतात. त्या लगद्याच्या विटा थापून वाळवतात, पुन्हा कुटतात, मग त्यात जडीबुटी पडते. याकच्या शिंगाच्या टोकाला भोक पाडून, अंगठ्याने रेटत बत्ती काढतात. म्हणजे मूळ माल चंदन नाहीच. आणि बुद्धपूजेत आपण रोज म्हणतो ती गाथाच आठवा ना: ‘गंधसंभारयुत्तेन धूपेन’. संभार म्हणजे अनेक सुगंधी द्रव्यांची जुळवाजुळव.

धुराबद्दल फार लिहायची गरज नाही. चंदन असो की सरू, लाकूड जळलं की सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड निघणारच. जडीबुटी घातल्याने ते कमी होत नाहीत. तैवानमधल्या तैपेईच्या शिंगत्येन मंदिराने (ते बौद्ध नव्हे, पण उदबत्ती त्याच घडणीची) 2014 मध्ये उदबत्ती लावणंच बंद केलं. घरात दमेकरी असेल तर खिडकी उघडी ठेवा.

राहिला प्राणिज पदार्थांचा मुद्दा, आणि तो सगळ्यात मजेशीर आहे. न्येमोच्या ओढ्याची आख्यायिका अशी की, पाणचक्क्यांत मासे चिरडू नयेत म्हणून थोन्मी संभोटाने (तिबेटी लिपीचा जनक मानला जाणारा विद्वान) त्यांना त्या पाण्यात न येण्याची विनवणी केली. अहिंसेची एवढी काळजी. तरीही उदबत्तीच्या जुन्या तिबेटी कृतींत कस्तुरी आहे. जपानी मिश्रणांत समुद्री गोगलगाईच्या शंखाचं झाकण कुटून घालतात, सुगंध टिकावा म्हणून. आपल्याकडच्या धूपातला नखला तो हाच. आज कस्तुरीमृगाला संरक्षण आहे, त्यामुळे कस्तुरी वगळलेली उदबत्ती सहज मिळते. ती खुशाल घ्यावी, फक्त तिच्यावर ‘परंपरेनुसार’ असा शिक्का मारू नये.