घोडे पेंड खात नाही

‘इथेच तर घोडे पेंड खाते’ हे वाक्य मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकत आलो आहे, आणि ते बहुतेक वेळा माझ्या गणिताच्या गुणांना उद्देशून असे. मात्र महालक्ष्मीच्या एका तबेल्यात सहा आठवडे काढल्यानंतर मी जबाबदारीने सांगू शकतो, की तिथल्या एकाही घोड्याला मी पेंड खाताना पाहिले नाही. ते ओट खातात, कोंडा खातात, लसूणघास खातात, सुके गवत तर दिवसभर खातात, आणि कुणाचे लक्ष नसेल तर विद्यार्थ्याच्या शर्टाची बाहीही खातात.

मी पशुवैद्यकाचा विद्यार्थी. पुस्तकातला घोडा मला तोंडपाठ होता: शांत असताना त्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ पडते, तो फक्त नाकाने श्वास घेतो, त्याला उलटी करता येत नाही आणि म्हणून साधी वाटणारी पोटदुखीही त्याच्या जिवावर बेतू शकते, शिवाय तो उभ्या उभ्या डुलकी काढतो. (या शेवटच्या गोष्टीचे मला विशेष नवल वाटले नव्हते, कारण मी डोंबिवलीचा आहे.) एवढ्या विद्येच्या बळावर, १८८३ साली दलदलीच्या जागी उभ्या राहिलेल्या रेसकोर्सच्या परिसरात, घोड्यांना शिकवणाऱ्या माणसांच्या हाताखाली शिकायला मी पहाटेच्या लोकलने निघालो आणि दादरला गाडी बदलून साडेपाचच्या सुमारास हजर झालो. तिथला दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो, कारण एकदा ऊन चढले की मुंबईत माणसालाही पळवू नये, मग घोड्याची काय कथा.

पहिला आठवडा मी घोड्याचे एकच टोक पाहिले. हातात फावडे, पुढ्यात लीद, असा तो अभ्यासक्रम होता. आमचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत, ते रिसाल्यातून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे गृहस्थ होते. आणि त्यांच्या इतकाच अधिकार असलेले दुसरे गृहस्थ म्हणजे घोड्यांची निगा राखणारे म्हातारे मोतद्दार, सगळ्यांचे मामा. आठव्या दिवशी मला बंड्या मिळाला. कागदोपत्री त्याचे इंग्रजी नाव एका ओळीत मावत नसे, पण शर्यतीतून निवृत्त झाल्यावर मोठमोठ्या साहेबांचे होते तेच त्याचेही झाले होते. त्याला आता घरच्या नावाने हाक मारत.

मी स्टेथोस्कोप सावरत थेट त्याच्या मागून निघालो, तोच मामा ओरडले, “अवो डॉक्टर, मागनं नका जाऊ! त्याला दिसत न्हाय.” घोड्याचे डोळे दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण शेपटीच्या बरोबर मागचे आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातले दिसत नाही, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिले होते. मामांनी सांगितले, बोलत बोलत जा, पाठीवर हात ठेवून जा. पण घोड्याशी बोलायचे काय? माझ्या तोंडून सवयीने निघाले, “जरा बाजूला व्हा, उतरायचंय.” बंड्या खरोखरच एक पाऊल सरकला.

खुर साफ करणे हा प्रकार मात्र कुठल्याही आकृतीत नव्हता. खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा, पायाच्या मागची शीर हलकेच दाबायची, ‘पाय’ म्हणायचे आणि उचललेला खुर मांडीवर घेऊन आकडीने टाचेकडून पुढे खरवडायचे. मधल्या मऊ त्रिकोणाला मात्र टोचायचे नाही. बंड्या पाय तत्परतेने देई. त्याबरोबर उरलेला देहही देई. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेला माणूस जसा हळूहळू, अगदी निरागसपणे, आपले वजन शेजाऱ्याकडे वर्ग करतो, तसा हा साडेचारशे किलोंचा प्रवासी माझ्यावर रेलून डुलकी काढत असे.

खोगीर चढवायला शिकलो तेव्हा त्याची दुसरी विद्या कळली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तो छाती फुगवून उभा राहायचा. मी समाधानाने रिकिबीत पाय घातला, तोही डावीकडून, कारण जुन्या स्वारांची तलवार डाव्या कमरेला लटकत असे. माझ्या कमरेच्या खिशात फक्त लोकलचा पास होता, पण परंपरा ती परंपरा. तेवढ्यात बंड्याने श्वास सोडला, तंग सैल झाला आणि खोगीर मला घेऊन, कसलीही घाई न करता, त्याच्या पोटाखाली जाऊ लागले. ‘खोगीरभरती’ या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी खालून दिसला.

सरांचे खरे शिकवणे दोरीवर घोडा गोल फिरवताना सुरू झाले. “ओढल्याने तो शिकत नाही,” ते म्हणाले, “सोडल्याने शिकतो.” म्हणजे दोरीचा किंवा लगामाचा हलका ताण द्यायचा, आणि त्याने ऐकले की त्याच क्षणी ताण काढून घ्यायचा, ‘बरोबर केलेस’ असे त्याला त्या सुटण्यातून कळते. दोन सेकंद उशीर झाला, तर त्या दोन सेकंदांत तो जे काही करत असेल तेच त्याला बरोबर वाटते. माझा हात नेमका ते दोन सेकंद मागे असे, त्यामुळे मी बंड्याला थांबायला शिकवतो आहे अशा समजुतीत प्रत्यक्षात मान झटकायला शिकवत होतो. वरातीमागून घोडे असतात हे ऐकले होते. इथे घोड्यामागून वरात चालली होती.

या दिवसांत बंड्याने आणखी एक सवय धरली. मी उभा राहिलो की तो नाकाने माझ्या पाठीत ढुसण्या देई, मी खिशातून गाजर काढले की लगेच थांबे. सर तीन दिवस हे बघत होते. चौथ्या दिवशी जवळ येऊन ते म्हणाले, “छान. ताण देतो, तू ऐकलंस की सोडतो. वेळ अचूक. चार दिवसांत तयार केलंय त्याने तुला.”

शेवटच्या दिवशी मी दुडकीवर सबंध एक फेरी मारली, पडलो नाही, आणि मामांनी ‘बसतंय’ एवढेच म्हटले, ज्यावर मी घरी अर्धा तास बोललो. त्या सकाळी परतताना दादरच्या पुलावर माझ्यापुढे एक भरदार गृहस्थ मोबाइल बघत आडवे उभे होते. मी बाजूने गेलो, त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि नकळत जिभेने ‘टक् टक्’ केले. ते मान वर न करता एक पाऊल सरकले. मी तत्क्षणी हात काढून घेतला.