मास्टर्स निम्म्यावर सोडून मेडिकलला निघालेल्या लेकीबद्दल

गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय होता. लेकीला मेडिकल स्कूलमध्ये ॲडमिशन मिळाली, ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतायत, आणि तिचं पब्लिक हेल्थचं दोन वर्षांचं मास्टर्स नेमकं निम्म्यावर आलंय. सोडायचं की नाही? मंडळाच्या कार्यक्रमात, फोनवर, भारतातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांनी आपापलं मत दिलं. मी फारशी बोलले नाही, कारण माझं मत दर आठवड्याला बदलत होतं. आता निर्णय झालाय, आणि तो तिने घेतलाय. तरी मला वाटतं ते एकदा नीट लिहून काढते. इथे अमेरिकेत आपली बरीच मुलं या पेचात सापडतात आणि त्यांचे आईबापही रात्र रात्र जागे असतात.

आधी भारतातल्या मंडळींसाठी. "मेडिकललाच जायचं होतं तर मास्टर्स कशाला घेतलं?" असं माझ्या आत्याने मला दोनदा विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे बारावी झाली, नीटची परीक्षा दिली, नंबर लागला की इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत एमबीबीएस. इथे आधी चार वर्षांची पदवी, एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज, मग चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यापुढे किमान तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. नुसत्या अर्जाचं चक्रच वर्षभर चालतं. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ज भरायचा, मग प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध, मग मुलाखती. पहिले होकार ऑक्टोबरच्या मध्यापासून येतात, आणि ज्यांच्या हातात एकाहून जास्त होकार असतात त्यांनी ३० एप्रिलपर्यंत एक जागा ठेवून बाकीच्या सोडायच्या. एम.डी.च्या (इथे डॉक्टरकीची पहिली पदवीच एम.डी.) कॉलेजांसाठी वर्षाला ५०,००० हून जास्त मुलं अर्ज करतात आणि साधारण २३,००० जणांना प्रवेश मिळतो. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं त्या वर्षी बाहेर राहतात. मग ते वर्ष कोणी लॅबमध्ये नोकरी करून काढतं, कोणी रुग्णवाहिकेवर काम करतं, कोणी मास्टर्सला नाव घालतं. आमच्या लेकीने गेल्या जूनमध्ये अर्ज केला आणि सप्टेंबरमध्ये मास्टर्स सुरू केलं. मेडिकलचं नाहीच जमलं तर पब्लिक हेल्थमध्ये काम करायची तिची मनापासून तयारी होती. तिने ते वेळ काढायला घेतलेलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतेय.

फेब्रुवारीत होकार आला. संध्याकाळी साडेसहाला, मी पोळ्या लाटत असताना. दोघी रडलो. आणि रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "आई, पण मग मास्टर्सचं काय?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "घेतलंयस ते पुरं कर." एका वर्षाने जा मेडिकलला, असं मी तिला सांगितलं. ते का सांगितलं, हे मला स्वतःलाच कळायला बरेच दिवस लागले.

मी १९९८ साली पुण्यात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मातीतले जिवाणू फॉस्फेट कसं विरघळवतात, यावर माझं प्रोजेक्ट होतं. प्लेटमध्ये जिवाणूंची वसाहत वाढली की तिच्याभोवती पारदर्शक वलय उमटतं. ते पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं. फेब्रुवारीत लग्न ठरलं. नवरा इथे एच-वन या नोकरीच्या व्हिसावर होता, त्याला दोनच आठवड्यांची रजा होती. परीक्षा एप्रिलमध्ये होती. दोन महिने थांबावं असं घरात कोणालाच वाटलं नाही, आणि थांबूया असं मीही म्हटलं नाही. कॉलेजला दिलेला अर्ज बाबांच्या अक्षरातला होता. 'घरगुती अडचणीमुळे पुढील शिक्षण घेणे शक्य नाही.' खाली माझी सही. माझ्या अकरा प्लेट्स इनक्युबेटरमध्ये तशाच राहिल्या. मैत्रिणीने नंतर पत्रात कळवलं की तिने त्यांतल्या चार मोजल्या आणि बाकीच्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून टाकून दिल्या.

इथे आल्यावर एच-फोर व्हिसावर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, तेव्हा नोकरी करता येत नव्हती. ती परवानगी सरकारने २०१५ साली दिली, तीही ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्ड मार्गी लागलंय अशांनाच. मी ग्रीन कार्ड आल्यावर कम्युनिटी कॉलेजातून लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, आज हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि ते काम मला आवडतं. पण कुठल्याही फॉर्मवर 'पूर्ण केलेलं सर्वोच्च शिक्षण' हा रकाना आला की पेन अजूनही थबकतं. लेकीला "पुरं कर" म्हणाले ती मी नव्हतेच. त्या प्लेट्स बोलत होत्या.

हे मला उमगलं मार्चमध्ये, तिच्यामुळे. ती शांतपणे म्हणाली, "आई, तुला सोडायला लावलं. मी माझ्या मनाने सोडतेय. दोन्हीला तू एकच शब्द वापरतेस." मला उत्तर सुचलं नाही. खरंच, 'अर्धवट' हा आपल्याकडे शिक्का आहे. काय सोडलं, का सोडलं, कोणासाठी सोडलं, हे त्या शब्दात येतच नाही.

म्हणून आता मत सांगते. निम्मं किंवा त्याहून जास्त मास्टर्स बाकी असेल आणि हातात मेडिकलची जागा असेल, तर सोडावं. तिच्या एम.पी.एच.ला, म्हणजे पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला, किमान ४२ क्रेडिट लागतात. त्यातले २१ झाले. उरलेल्या २१ साठी एक अख्खं वर्ष, त्या वर्षाची फी, आणि मेडिकलची जागा वर्षभर राखून ठेवा म्हणून कॉलेजकडे विनंती. अशी सवलत द्यायची की नाही हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. नाही म्हणाले तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज. एमकॅटचे मार्क बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षंच धरतात, तेही जुने होत चाललेले. आणि पब्लिक हेल्थची पदवी काही पळून जात नाही. कितीतरी डॉक्टर ती रेसिडेन्सीनंतर घेतात, कितीतरी मेडिकल स्कूल दोन्ही पदव्या जोडूनही देतात.

पण नुसता प्रबंध उरला असेल, एकच सेमिस्टर उरलं असेल, तर जीव तोडून पुरं करा, हेही मी तितक्याच कळकळीने सांगेन. तेवढ्यासाठी उन्हाळ्याचे दोन महिने लागले तरी चालतील. दोन महिन्यांनी काय फरक पडतो, हे मला कोणी शिकवायला नको.

पैशांबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही, पण बोलायला हवं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. ते आजवर सगळ्या खर्चाला पुरायचं. आता मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. बहुतेक खाजगी मेडिकल स्कूलची नुसती फीच त्याच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. वरचे पैसे घरातून किंवा बँकेच्या चढ्या व्याजाने उभे करायचे. अशा वेळी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाची फी म्हणजे पुढच्या पैशांना आत्ताच हात घालणं. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो, तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सोडण्याच्या बाजूने बोलला. आधीचं कर्ज मेडिकलला असेपर्यंत फेडावं लागत नाही हे खरं, पण व्याज चढतच राहतं.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. मेडिकल स्कूलपासून लपवू नका. तिच्या अर्जात मास्टर्स सुरू करणार असल्याचं लिहिलेलं होतं, २०२७ मध्ये पूर्ण होईल असंही. चालू असलेली पदवी प्रवेशाआधी पूर्ण करायला हवी, अशी बऱ्याच मेडिकल स्कूलची अटच असते. ओळखीतल्या एका मुलाने तिला सल्ला दिला होता की गप्प राहा, कोण बघतंय. बघतात. सगळ्या कॉलेजांची अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रकं, शेवटी मागवतातच. आणि समजा नसते बघत, तरी डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीने पहिलंच पाऊल लपवून टाकायचं? यावर मात्र मी एक दिवसही मत बदललं नाही. तिने ॲडमिशन ऑफिसला चार ओळींची ईमेल केली: मी हा अभ्यासक्रम या सेमिस्टरनंतर सोडू इच्छिते, तुमची हरकत आहे का, कृपया लेखी कळवा. सहा दिवस उत्तर नव्हतं. ते सहा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. सातव्या दिवशी उत्तर आलं. हरकत नाही, मात्र चालू सेमिस्टर नीट पास झालेलं हवं आणि त्याची ट्रान्स्क्रिप्ट पाठवा. ती ईमेल आम्ही छापून फाइलला लावली. फोनवर कोणी "चालेल" म्हणालं तरी त्यावर विसंबू नका, हे तिच्या मास्टर्सच्या कॉलेजच्या सल्लागार बाईंनी आवर्जून सांगितलं होतं.

त्यांनी दुसरं सांगितलं ते असं की सेमिस्टरच्या मधे सोडू नको. मधेच सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर तसा शेरा राहतो, आणि सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटण्याआधी सोडलं तर सरकारी कर्जाचा काही भाग परत करावा लागतो. आनंदाच्या भरात फेब्रुवारीतच वर्गाला जाणं बंद केलं असतं तर महागात पडलं असतं. सुट्टी घेऊन नाव चालू ठेवायचं की नाव काढायचं, हेही त्यांनी समोर बसवून समजावलं. मास्टर्सवाल्यांना राग येईल अशी लेकीला भीती होती. उलट त्या बाईंनी उठून तिचा हात हातात घेतला.

राहिला प्रश्न हातातल्या कामाचा. तिचं प्रात्यक्षिक काम लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाबद्दल आहे. न्यू जर्सीत एक आणि दोन वर्षांच्या मुलांची ही तपासणी करावी लागते. रक्ताच्या दर डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं निघालं तर ते मूल लक्ष ठेवण्याच्या यादीत जातं. बहुतेकदा कारण जुन्या घरांचा रंग असतो. पण आपल्या लोकांच्या घरात सिंदूर असतो, सुरमा असतो, गावाहून आणलेली सुटी हळद असते. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट मिसळतात. २०१७ मध्ये इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या दुकानांतला सिंदूर तपासला तेव्हा त्यातही शिसं सापडलं होतं.

लेक या कुटुंबांना फोन करते. तिचं मराठी घरातलं, हिंदी त्याहून कच्चं. एके दिवशी खोलीतून बाहेर येऊन विचारते, "आई, लेडला आपल्यात काय म्हणतात?" मी म्हटलं शिसं, हिंदीत सीसा. ती आत गेली आणि दहा मिनिटांत परत आली. "त्या आजींना वाटलं मी आरशाबद्दल बोलतेय." मग आम्ही दोघींनी बसून साधं वाक्य तयार केलं: पेन्सिलीतलं नव्हे, बॅटरीत असतो तो धातू, तो पोटात गेला तर लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. ते तिने वहीत देवनागरीत लिहून घेतलं, मोठ्या गोल अक्षरात, दुसरीतल्या मुलीसारखं. मी ती वही बघत कितीतरी वेळ बसले होते.

हे काम १५ जूनपर्यंत करीन असा तिने त्या क्लिनिकला शब्द दिलाय. सेमिस्टर संपलं, मार्क लागले, आता त्या कामाचं क्रेडिटही तिच्या उपयोगाचं नाही. तरी ती ते करतेय. पदवी सोडता येते, पण लोकांना फोन करीन म्हणून सांगितलं असेल तर ते फोन झालेच पाहिजेत. मास्टर्स सोडणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी हे बघावं की आपल्या जाण्याने कोणाचं काय अडतंय. कोणाचा प्रयोग, कोणाची यादी, कोणाचा वर्ग. ते कोणाच्या तरी हातात नीट सोपवून मग निघावं. माझ्या सात प्लेट्स कोणी मोजल्या नाहीत.

गेल्या सोमवारी तिने नाव काढण्याचा फॉर्म भरला. त्यात 'कारण' असा रकाना होता. मी मागे उभी होते, पण एक शब्द सुचवला नाही. तिने लिहिलं, "ऑगस्टपासून मेडिकल स्कूल सुरू करतेय. हा निर्णय माझा आहे." दुसऱ्या वाक्याची तिथे गरज नव्हती. ते तिने कोणासाठी लिहिलं ते मला कळलं.

यादीत अजून एकवीस कुटुंबं आहेत. ज्यांना दिवसा सुट्टी मिळत नाही त्यांना ती रात्री साडेआठनंतर फोन करते. तेवढा वेळ आम्ही टीव्ही बंद ठेवतो.