वीजबिल, गोंद आणि लक्झेंबर्गचं कोर्ट

वकिलाच्या भाचीने कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला (एलएलएम) युरोपीय संघाचा कायदा हा विषय घ्यायचं ठरवलं, एवढंच निमित्त झालं. मास्तर लगेच उखडले.

"संघाचं ते लक्झेंबर्गचं कोर्ट! ज्याला स्वतःचा पोलीस नाही, बेलिफ नाही, त्याचे निकाल शिकून करायचं काय? शेवटी प्रत्येक देश आपल्याच संविधानाचं ऐकतो."

पनवेलच्या वडाळे तळ्यावर संध्याकाळी आम्ही चौघे बसतो. मास्तर नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, वकील इथल्याच कोर्टातला, अण्णाचं न्हावा शेवाला कस्टम्स क्लिअरिंगचं काम, आणि मी ऐकून घेणारा. त्या दिवशी भाचीही मामासोबत आली होती, त्यामुळे वकील जरा जास्तच फॉर्मात.

"मास्तर, हा वाद १९६४ साली मिटला. संघाचा कायदा वर, देशाचा खाली."

"करारात कुठे लिहिलंय दाखव."

वकील भाचीकडे बघायला लागला. ती म्हणाली, "नाही लिहिलेलं, सर. ज्यातून हा संघ उभा राहिला त्या १९५७च्या रोम करारात तशी एकही ओळ नाही. पुढे युरोपचं संविधान म्हणून जो करार केला त्यात ती घातली होती, पण २००५ साली फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तोच पाडला. आता लागू असलेल्या लिस्बन करारासोबतच्या एका घोषणेत उल्लेख आहे, मूळ कलमांत नाही."

"मग वर-खाली ठरवलं कोणी?"

"एका वीजबिलाने."

इटलीने १९६२ साली वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. मिलानमधले कोस्टा नावाचे वकील अशाच एका कंपनीचे भागधारक होते. नव्या सरकारी महामंडळाचं १,९२५ लिरांचं बिल त्यांनी भरलंच नाही. रक्कम किरकोळ, म्हणून दावा सगळ्यात खालच्या पायरीच्या कोर्टात गेला. तिथे त्यांनी मुद्दा काढला की राष्ट्रीयीकरणाचा कायदाच रोम कराराशी विसंगत आहे. त्या छोट्या न्यायाधीशाने लक्झेंबर्गला थेट प्रश्न पाठवला. त्याआधी काही महिने इटलीच्या संविधान न्यायालयाने सांगून टाकलं होतं की नंतरचा कायदा आधीच्या कराराला मात देतो. लक्झेंबर्गने जुलै १९६४मध्ये नेमकं उलट सांगितलं: देशांनी आपले काही अधिकार कायमचे सोपवलेत, आता मागाहून कायदा करून ते परत घेता येणार नाहीत.

"म्हणजे पनवेलच्या दिवाणी कोर्टाने सुप्रीम कोर्टाला वळसा घालून परदेशी पत्र लिहायचं!" मास्तर म्हणाले.

मला वाटतं, मास्तरांनी चिडून जे म्हटलं तेच या सगळ्याचं मर्म आहे. लक्झेंबर्गचं कोर्ट कुठल्याही देशाचा कायदा रद्द करत नाही, त्याला तो अधिकारच नाही. अशा प्रकरणात ते फक्त प्रश्नाचं उत्तर देतं. कायदा बाजूला ठेवतो तो त्या देशाचाच न्यायाधीश. १९७८ साली तर लक्झेंबर्गने इटलीतल्या अशाच एका खालच्या न्यायाधीशाला सांगितलं की आपल्या संविधान न्यायालयाची वाट बघत बसू नकोस, विसंगत कायदा तूच लागू करू नकोस. ज्याला आजवर वरच्यांनी फक्त फटकारलं, त्याच्या हातात एकदम एवढी ताकद आली. तो पत्र लिहिणार नाही तर काय करणार?

अण्णाला यात रस नव्हता. "वीजबिलं राहू दे. धंद्यातलं काही आहे का?"

भाचीने व्हॅन खेंड एन लोसची केस काढली. १९६० साली या डच वाहतूक कंपनीने जर्मनीहून युरिया-फॉर्मल्डिहाइड आणलं. गोंद वगैरे बनवायला लागणारं रसायन. आधी ड्युटी ३ टक्के. मधल्या काळात दरपत्रक बदललं, माल दुसऱ्या शीर्षकाखाली गेला आणि ८ टक्के लागले.

अण्णा सावरून बसला. "रीक्लासिफिकेशन! रोजचं आहे हे."

कंपनी म्हणाली, रोम कराराच्या १२व्या कलमाप्रमाणे आपसातली ड्युटी वाढवायची नाही असं ठरलंय. डच, बेल्जियन आणि जर्मन सरकारांनी एकमुखाने सांगितलं, करार देशादेशांतला आहे, व्यापाऱ्याने त्यावर बोट ठेवायचं कारण नाही. फेब्रुवारी १९६३मध्ये कोर्टाने व्यापाऱ्याचं ऐकलं: हा करार नागरिकांनाही हक्क देतो आणि ते देशातल्या कोर्टाने राखले पाहिजेत.

"आमच्याकडे असं बोललास तर कस्टम्सचा अप्रेझर हाकलून देईल," अण्णा म्हणाला. "आसियान देशांशी व्यापाराचा करार सही होऊन पडला असेना, आपल्या सरकारचं ४६/२०११चं नोटिफिकेशन दाखवलं तरच सवलत मिळते."

खरंच आहे. आपल्याकडे करार दारातच थांबतो, संसद किंवा तिने अधिकार दिलेलं सरकार त्याला आत घेतं. आपल्या संविधानाचं कलम २५३ त्यासाठीच आहे. २०२३ साली नेस्लेच्या करप्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच पुन्हा सांगितलं, दुहेरी करआकारणीच्या करारातली सवलत अधिसूचनेशिवाय लागू होत नाही. वकिलाने लगेच विशाखा खटल्याचं नाव घेतलं. १९९७ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता, तेव्हा कोर्टाने महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली होती. पण ती रिकामी जागा होती. संसदेचा कायदा समोर उभा असताना तो करारासाठी बाजूला ठेवणं हा वेगळाच मामला.

मास्तरांनी मग त्यांचा हुकमाचा पत्ता टाकला. "जर्मनी ऐकतं का तुमच्या लक्झेंबर्गचं?"

ऐकतं, पण अटीवर. कार्ल्सरुह शहरातल्या जर्मन संविधान न्यायालयाने १९७४ साली सांगितलं, मूलभूत हक्कांची आमच्यासारखी हमी तुमच्याकडे येईपर्यंत संघाचा कायदा आम्ही तपासणार. १९८६ साली म्हणालं, ती हमी टिकून आहे तोवर तपासणार नाही. अट सुटली नाही, फक्त बाजू बदलली. त्यांच्या संविधानात काही गोष्टी घटनादुरुस्तीनेही बदलता येत नाहीत. संविधानाची मूळ चौकट बदलता येत नाही असं सांगणाऱ्या आपल्या केशवानंद भारतीच्या निकालात न्या. खन्ना यांनी ज्या कॉनराड या जर्मन अभ्यासकाचा हवाला दिला, तो विचार त्याच मातीतला. त्यामुळे कार्ल्सरुह आपल्याला परकं वाटत नाही. ५ मे २०२० रोजी त्याने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीवरचा लक्झेंबर्गचा निकाल अधिकाराबाहेरचा ठरवला. संघाने वर्षभराने जर्मनीवर कारवाई सुरू केली आणि जर्मन सरकारने हमी दिल्यावर डिसेंबर २०२१मध्ये ती गुपचूप बंदही केली.

"बघा! मोठ्याला वेगळा न्याय."

हा मास्तरांचा मुद्दा मला पटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोलंडच्या संविधान न्यायाधिकरणाने संघाच्या करारातली काही कलमं आपल्या संविधानाशी विसंगत ठरवली. न्यायाधीशांवरच्या शिस्तभंगाच्या वेगळ्याच प्रकरणात, पोलंड सरकारने लक्झेंबर्गचा अंतरिम आदेश पाळला नाही म्हणून त्याच महिन्यात रोज १० लाख युरोचा दंड लागला. भरला नाही, तर मिळणाऱ्या निधीतून कापून घेतला. पोलंडमध्ये न्यायाधीशच दावणीला बांधले जात होते, म्हणून दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत हे भाचीचं म्हणणंही खोटं नाही. तरी कापाकापी ऐकून अण्णाने मान डोलावली. "बेलिफ नाही म्हणत होता ना मास्तर? आहे की. बजेटमध्ये बसलाय."

"पण शेवटचा शब्द कोणाचा ते सांगा."

कोणीच सांगितलं नाही. साठ वर्षं लक्झेंबर्ग आणि देशोदेशीची संविधान न्यायालयं तो स्वतःचाच आहे असं म्हणतात आणि शक्यतो एकमेकांवर ती वेळ आणत नाहीत. ज्या दिवशी कोणी ती आणतं, त्या दिवशी निकाल कायद्याने लागत नाही, सरकारं आणि पैसा लावतात.

मास्तर उठले. "घे तोच विषय," भाचीला म्हणाले, "पण जर्मन शिकून जा. कार्ल्सरुहचं मुळातून वाच, भाषांतरावर विसंबू नकोस."

"आणि पोलिश, सर?"

"ते मामाला शिकव."

वकील तोवर केशवानंदवर बोलायला लागला होता, त्यामुळे आम्ही सगळेच उठलो.