"२१ दिवसांत वांग गायब" म्हणणाऱ्या लेपाबद्दल

गोव्यात फोंड्याला आमची फार्मसी आहे. काउंटरवर उभी राहते त्याला आता १८ वर्षं झाली. यंदाच्या उन्हाळ्यात एकच संदेश इतक्या जणींनी मोबाइल पुढे धरून दाखवला की तोंडी उत्तरं देऊन देऊन घसा सुकला, म्हणून लिहायला बसले. संदेश असा आहे:

"वांग, काळे डाग, काळी मान, २१ दिवसांत मुळापासून नाहीसे. ज्येष्ठमध, जायफळ, हळद आणि लिंबाचा रस दुधात कालवून लावा आणि सकाळच्या उन्हात वीस मिनिटं बसा. जळजळलं तर समजा गुण येतोय. शंभर टक्के वनस्पती, केमिकल शून्य, म्हणून साइड इफेक्ट शून्य. सनस्क्रीनची गरज नाही. डॉक्टर तुम्हाला हे कधी सांगणार नाहीत."

आधी जळजळीचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या एका वाक्याने होतंय.

मे महिन्यात पस्तिशीच्या एक बाई आल्या. दोन्ही गालांवर वांग आधीपासून होताच. पण आता डाव्या गालावरून हनुवटीपर्यंत एक गडद तपकिरी ओघळ उतरला होता, वर रुंद, खाली निमुळता. "बाय, हा डाग नव्हता गो आधी. लेप लावला, उन्हात बसले, चुरचुरलं, म्हटलं लागू पडतंय." दोन दिवसांनी तिथे लाली आली, बारीक फोड उठले, फोड बसले आणि मागे हा ओघळ राहिला. लेपातला रस जिथून खाली गळला, नेमक्या त्याच वाटेवर.

लिंबाच्या सालीत आणि थोड्या प्रमाणात रसातही फ्युरोकुमॅरिन नावाचे रेणू असतात. साल पिळली की ते हातावर, रसात येतात. ते कातडीत मुरतात आणि वरून उन्हातले अतिनील किरण पडले की पेशींच्या डीएनएला चिकटून त्यांना इजा करतात. तेव्हा फारसं काही दिसत नाही. साधारण एक दिवसानंतर लाली येते, दोन-तीन दिवसांत ती वाढते, आणि मागे राहिलेला डाग कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने जात नाही.

आता याच्याशेजारी बावची ठेवून बघा. कोडाच्या पांढऱ्या डागांवर रंग परत यावा म्हणून बावची लावून उन्हात बसवण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी. बावचीतला सोरालेन हा लिंबातल्या रेणूंच्याच कुळातला. म्हणजे कातडीवर रंग आणण्याचा जो उपचार, तोच हा संदेश रंग घालवायचा म्हणून सांगतोय. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा खरोखर अंगावर काटा आला.

लिंबू वगळलं तरी जळजळ वाईटच. कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी दाह झाला की चेकाळतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तर फारच. म्हणून तर मुरुम जातो आणि काळा ठिपका ठेवून जातो, डास चावतो आणि महिनाभर खूण दिसते. सत्तरी तालुक्यात काजूच्या बिया भाजून फोडणाऱ्या बायकांची बोटं पाहिली असतील तर वेगळं सांगायला नको. टरफलातलं तेल लागलं की आधी भाजतं, मग कातडी सोलते, मग काळी पडते. वांग हा शब्द आला आयुर्वेदातल्या व्यंग या शब्दावरून, आणि सुश्रुताने व्यंगाचं वर्णन करताना तो वेदना नसलेला, पातळ, काळसर असा सांगितलाय. दुखणं मुळात रोगातच नाही. तेव्हा चेहरा चुरचुरत असेल तर ते लेपाचं काम.

"वनस्पती, म्हणून साइड इफेक्ट शून्य." आपण गोव्याची माणसं हे वाक्य कसं काय खपवून घेतो, मला कळत नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे रानफळांची चौकट, बांधतो तेव्हा रानातून कवंडळाचं फळ आणतो ना? तांबडं, टवटवीत, माटोळीत सगळ्यांत आधी नजरेत भरणारं. ते आपण बांधतो, खात नाही, आणि लहान पोरांनाही ते ठाऊक असतं. वनस्पती ओळखणं म्हणजे कुठली कशासाठी आणि कुठली कशासाठी नाही, हे ओळखणं.

जुन्या औषधशास्त्राच्या पुस्तकांत 'गोवा पावडर' नावाचं एक औषध सापडतं. झाड ब्राझीलचं, अरारोबा. पोर्तुगीजांच्या व्यापारातून त्याच्या खोडातली भुकटी इकडे आली आणि इथून पुढे गेली, म्हणून नाव गोव्याचं. गजकर्णावर, सोरायसिसवर चालायची, गुणही यायचा. पण कातडी जाळायची आणि कपड्यांसकट सगळं डागाळायची. शुद्ध वनस्पतीच होती ती.

आणि ज्यांना वाटतं की रंग कमी करणारी वनस्पती जास्तीत जास्त निरुपयोगी ठरेल, नुकसान तरी करणार नाही, त्यांनी जपानमधली २०१३ ची गोष्ट वाचावी. रोडोडेंड्रॉल नावाचा रेणू बर्चसारख्या झाडांत सापडतो. तो घातलेली क्रीम तिथे रीतसर मान्यता घेऊन विकली जात होती. हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे उमटले. काहींचे नंतर भरले, काहींचे भरलेच नाहीत. कंपनीला सगळा माल बाजारातून मागे घ्यावा लागला.

"केमिकल शून्य" तर शब्दशः खोटं. बेअरबेरी नावाच्या झुडपाच्या पानांतला आर्ब्युटिन 'नैसर्गिक' म्हणून मिरवतो. हायड्रोक्विनोन या डाग उजळवणाऱ्या औषधाला साखरेचा रेणू जोडला की आर्ब्युटिन होतो, आणि साखर सुटली की परत हायड्रोक्विनोन. ज्याचं नाव ऐकून लोक घाबरतात, तेच.

मग वनस्पतींत काहीच नाही का? आहे, आणि ते नाकारणाऱ्यांचंही मला पटत नाही. आपल्या कातडीतला काळा रंग टायरोसिनेज नावाच्या एन्झाइममुळे बनतो. त्याच्या गाभ्याशी तांबं असतं. ज्येष्ठमधातला ग्लॅब्रिडिन या एन्झाइमला अडवतो आणि दाहही कमी करतो. ज्येष्ठमधातल्याच लिक्विरिटिनची क्रीम वांगावर वापरून बघितली, तेव्हा डाग उजळल्याचं दिसलं. चाचणी छोटी होती, पण दिसलं. गहू-बार्लीत सापडणारं अझेलाइक आम्ल तर त्वचारोगतज्ज्ञ आज सर्रास लिहून देतात, गरोदर बाईलाही.

पण क्रीममधला अर्क वेगळा आणि वाटीतला लेप वेगळा. ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मुळात तो असतोही अगदी थोडा. भुकटी दुधात कालवून वीस मिनिटं गालावर ठेवली तर तो भुकटीतच राहतो आणि भुकटी धुऊन मोरीत जाते. हळदीतल्या करक्युमिनचंही तेच; कातडी पिवळी दिसते एवढंच, आत जाणं नावालाच.

"अमक्या झाडाच्या अर्काने मेलॅनिन ८० टक्के घटलं" अशा बातम्या येतात, त्यांतली एक गोमही सांगून ठेवते. असे प्रयोग बहुतेक वेळा अळंबीच्या टायरोसिनेजवर होतात, कारण ते स्वस्तात विकत मिळतं. माणसाचं टायरोसिनेज वेगळं. अळंबीत जोरदार चालणारे कित्येक पदार्थ माणसाच्या एन्झाइमपुढे अगदी दुबळे ठरलेत.

जायफळाबद्दल बोलताना माझा जीव थोडा अडकतो. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जायफळाचं झाड आहे, आणि आजी सहाणेवर दुधात जायफळ उगाळून गालाला लावायची. तिचं बोट मला आठवतं: उगाळलेलं गंध ती अलगद टेकवायची, घासायची नाही, आणि ते लावायची रात्री, दिवा मालवायच्या आधी. तिचा वांग त्याने गेला नाही, पण वाढलाही नाही. संदेशातला लेप लावताना जायफळाची भरड पूड स्क्रबसारखी चोळली जाते, तीही लिंबाबरोबर, तीही उन्हात. याला आजीचं औषध म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

२१ दिवसांबद्दल फार लिहायला नको. कातडीचा वरचा थर नवा व्हायलाच महिनाभर किंवा जास्त लागतो. चांगल्यातलं चांगलं औषधही दोन-तीन महिन्यांशिवाय फरक दाखवत नाही. आणि 'मुळापासून' म्हणाल तर वांगाचं मूळ हार्मोन्स, ऊन आणि घराण्याचा वारसा यांत. गरोदरपणातला वांग बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप फिका होतो, आणि त्याचं श्रेय नेमका तेव्हा लावलेला लेप घेऊन जातो. एरवी तो दबतो, आणि ऊन लागलं की परततो.

म्हणूनच "सनस्क्रीनची गरज नाही" हे वाचून मला सर्वांत जास्त राग आला. ऊन अडवलं नाही तर वनस्पतींचं असो की कारखान्यातलं, कुठलंच औषध टिकत नाही. गोव्यात आपल्याला पाण्यावरून, वाळूवरून उलटून येणारं ऊनही मिळतं. नुसते अतिनील किरणच नव्हे, डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा सावळ्या कातडीवर वांग गडद करतो, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. लोहाचे ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन मिळतं, ते अडवतं. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. वाटाण्याएवढ्याने काही होत नाही. शेतात, बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाईला हे परवडत नाही, हे मला दिसतं. तिने रुंद काठाची टोपी घालावी, छत्री धरावी, स्कूटरवर जाड ओढणी गुंडाळावी. लेपापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

डॉक्टर सांगणार नाहीत म्हणे! ज्येष्ठमध, अझेलाइक आम्ल यांच्यावरचे अभ्यास डॉक्टरांनीच केलेत. लपवाछपवी होते ती दुसरीकडे. 'हर्बल' लिहिलेल्या, कंपनीचा धड पत्ता नसलेल्या डबीत स्टिरॉइड किंवा पारा निघतो. आठवड्यात चेहरा उजळला तर आनंदू नका, संशय घ्या. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि बंद केलं की डाग दुप्पट जोराने येतो. पारा मूत्रपिंडापर्यंत जातो. केरळमध्ये मलप्पुरमला गोरेपणाच्या क्रीम लावणाऱ्यांची मूत्रपिंडं त्याने बिघडल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. स्टिरॉइडच्या क्रीम चिठ्ठीशिवाय देऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले. तरीही काउंटरवर रोज कुणीतरी जुनी ट्यूब घेऊन येतं: "हीच द्या."

राहिली काळी मान. संदेशात ती वांगाच्या ओळीतच घातलीय, आणि ते मला फार धोक्याचं वाटतं. मानेच्या मागे, काखेत कातडी मखमलीसारखी जाड आणि काळी होते, ती उन्हाने नव्हे आणि मळानेही नव्हे. पुष्कळदा शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, रक्तात इन्शुलिन वाढतं, आणि त्याने तिथली कातडी जाड होते. आपल्या राज्यात हे विसरून चालणारच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के.

जूनमध्ये एक आई चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. लिंबू आणि खाण्याचा सोडा लावून, काथ्याने घासून मुलीची मान सोलवटली होती. आई म्हणत होती, "नीट आंघोळच करत नाही ही." मुलगी काउंटरच्या काचेकडे बघत उभी. मानेला लावायला साधं व्हॅसलिन दिलं आणि साखर तपासायला पाठवलं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ६.१ टक्के आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्या दोघी रिपोर्ट दाखवायला आल्या तेव्हा मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं: "म्हणजे मळ नव्हता तो?"

आता आई तिला रोज संध्याकाळी चालायला घेऊन जाते. मान अजून काळीच आहे. घासणं मात्र बंद झालंय, आणि सोललेली कातडी भरून आलीय.