गाडी थांबली की पाच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या मोटरसायकलींच्या ट्रायल्स स्पर्धांचे (ओढे, दगड, चिखल यांतून पाय न टेकता गाडी न्यायची, चुकेल तसे दंडाचे गुण, ज्याचे सर्वांत कमी तो पहिला) नियम सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. लेख शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप चार आहेत. पाय न टेकता गाडी थांबली तरी दंडाचे पाच गुण लावणं अन्यायाचं आहे. १९६५ पूर्वीच्या म्हणून उतरणाऱ्या गाड्यांत नवे भाग भरलेले असतात. टायरमधल्या हवेचे आकडे मी दिले नाहीत. दोघांची बरोबरी झाली तर काय, हे मी एका ओळीत उरकलं. हे चारही मुद्दे सरळ शब्दांत मांडता आले असते. तुम्ही मात्र पहिला असा मांडलात: “तोल सांभाळून क्षणभर उभं राहणाऱ्याला पाच आणि पाय ढकलत रखडत जाणाऱ्याला तीन, हा म्हाताऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला नियम आहे आणि लेखक तो पोपटासारखा म्हणून दाखवतो.”

नियमावर टीका करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ‘म्हाताऱ्यांनी’ आणि ‘पोपटासारखा’ या दोन शब्दांची मात्र काहीही गरज नव्हती. मी उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या क्लबांच्या स्पर्धांत ऑब्झर्व्हर म्हणून, म्हणजे दंडाचे गुण नोंदवणारा म्हणून, ओढ्याच्या काठावर गुणपत्रिका घेऊन उभा राहतो, आणि एरवी ३५० सीसीच्या जुन्या सिंगलवर (एका सिलिंडरच्या गाडीवर) त्याच ओढ्यांत उतरतो. ऐकीव माहितीवर लिहिण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही. असा आरोप करण्याआधी एवढं विचारायला हवं होतंत.

आता म्हाताऱ्यांचं. १९४० आणि १९५०च्या दशकांत ब्रिटनमध्ये या स्पर्धा ऐन भरात होत्या, तेव्हा गुणांची पद्धत एक, तीन, पाच अशी होती: एकदा पाय टेकला तर एक, जास्त वेळा टेकला तर तीन, थांबलात तर पाच. आजच्या एक-दोन-तीन-पाचमध्ये मधली पायरी वाढली, वरचा पाच तोच राहिला. जॉनी ब्रिटन या स्वाराने रॉयल एनफील्डच्या ३५० बुलेटवर १९५२ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्कॉटलंडमधली सहा दिवसांची स्पर्धा जिंकली, तेव्हा तो जेमतेम विशीतला होता. त्याच्या पिढीचे स्वार याच हिशेबाने खेळले आणि जिंकले. हा नियम आज गुडघे दुखणाऱ्यांनी केलेला नाही. तो या गाड्या नव्या असतानाचा आहे.

दुसरं, तुम्ही नियम चुकीचा सांगितलात. तुम्ही लिहिता, “चाक थांबलं की पाच.” मी लेखात तसं कुठेही म्हटलेलं नाही. पाहायची असते ती गाडीची पुढे जाणारी गती. मागचं चाक चिखलात गरगर फिरत असेल आणि गाडी जागची हलत नसेल, तर ती थांबलेलीच आहे आणि पाचच लागतात. उलट निसरड्या उतारावर चाक ब्रेकने जाम होऊन गाडी घसरत पुढे चालली असेल, तर ती थांबलेली नाही. म्हणून ऑब्झर्व्हरने चाकाच्या स्पोककडे पाहत बसू नये. त्याने आडव्या बाजूला उभं राहावं, पुढच्या चाकाचा स्पिंडल (मधला आस) आणि त्यामागचा एखादा दगड किंवा मूळ एका रेषेत धरावं आणि स्पिंडल त्या खुणेच्या पुढे सरकतो का, ते बघावं. सेक्शनची, म्हणजे गुण मोजायच्या टप्प्याची, सुरुवात आणि शेवटही त्याच स्पिंडलवरून ठरतो: तो सुरुवातीच्या पाटीपुढे गेला की मोजणी सुरू, शेवटच्या पाटीपुढे गेला की बंद. मार्गाच्या उजव्या कडेला लाल खुणा, डाव्या कडेला निळ्या. शंका आली तर फायदा स्वाराचा. तुम्ही म्हणता तशी मनमानी यात कुठे आहे, ते मला दिसत नाही.

आणि तीन विरुद्ध पाच. पाय ढकलत गेलेल्याला तीन लागतात, कारण तो सबंध सेक्शन न थांबता पार करतो. तीनदा टेकला काय किंवा दहादा, तीनच. थांबलेल्याने गाडी चालती ठेवण्याचं मूळ कामच सोडलेलं असतं. ऑटो-सायकल युनियन या ब्रिटनमधल्या मोटरसायकल स्पर्धांच्या संघटनेच्या नियमपुस्तिकेत थांबण्याची मुभा देणारी वेगळी पद्धतही आहे, आणि कोणती लागू हे त्या त्या स्पर्धेच्या पूरक नियमांत लिहिलेलं असतं. ज्याला थांबायचं आहे त्याने ती स्पर्धा निवडावी. जुन्या गाड्यांचे क्लब न थांबण्याची पद्धत का घेतात, हा खरा प्रश्न होता. तो तुम्ही विचारला नाहीत, तरी उत्तर देतो, कारण सगळं त्यातच आहे.

आजची ट्रायल्सची गाडी ७० किलोच्या आसपास असते. स्वार ती जागेवर उभी धरतो, पुढचं चाक उचलून बाजूला ठेवतो, मागचं उडवून वळवतो. जुनी ३५० सिंगल सव्वाशे-दीडशे किलोंच्या दरम्यान भरते. महाराष्ट्रात ज्यांनी जुनी बुलेट किक मारून चालू केली आहे त्यांना ते जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती टिकवून धरणारं चाक, ठाऊक असेल. त्या फ्लायव्हीलमुळेच गाडी अगदी कमी रेसवर, क्लचला हात न लावता, ओल्या दगडांवरून धिमी चढते. मॅग्नेटोची गाडी असेल तर हँडलवरच्या लिव्हरने स्पार्क थोडा मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं, थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवायचा आणि उरलेलं इंजिनावर सोपवायचं.

तिलाच थांबवून पाहा. क्लच दाबून ठेवायचा, रेस द्यायची, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तीन-चार वेळा असं झालं की प्लेटा तापून फुगतात, केबल सैल पडते, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गाडी दाबलेल्या क्लचवरही पुढे रेटते. न्यूट्रल सापडत नाही. फिरत्या जड फ्लायव्हीलवर क्लच धाडकन सोडला की धक्का प्रायमरी चेनला (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीला), गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला आणि मागच्या स्पोकना बसतो. प्रायमरी चेन तुटली तर केसिंग फोडून बाहेर येऊ शकते. ओढ्यातून आलेल्या ड्रम ब्रेकमध्ये पाणी असतं, चढावर तो गाडी धरत नाही, आणि मागे सरकली की सेक्शन गेलाच. वेगळ्या फ्लोट चेंबरचा (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचा) जुना कार्ब्युरेटर असेल तर आणखी एक भानगड. चेंबर जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या, पुढच्या बाजूला असेल तर चढावर तो वर जातो आणि इंजिन पेट्रोलने गुदमरतं. मागच्या बाजूला असेल तर खाली जातो आणि इंजिन उपाशी राहतं. चालत्या गाडीला हे दोन-तीन सेकंद सोसतं. नाक वर करून उभ्या राहिलेल्या गाडीला सोसत नाही.

याचा परिणाम सेक्शन आखणाऱ्यावर होतो, आणि माझ्या लेखाचा गाभा तोच होता. थांबायला मुभा दिली की पहिल्याच मोसमात सरळ सोप्या जागा सगळे शून्यात पार करतात. मग आखणारा वळणं आवळतो, कारण गुण दुसरीकडून कापायला जागा उरत नाही. जुन्या गाडीचं हँडल फार वळत नाही. फोर्कचे पाय टाकीला जाऊन लागतात. आवळलेल्या वळणात ती फक्त उडवूनच वळेल, आणि उडवण्यासाठी ती हलकी करावी लागेल. मग हलकी फ्रेम, नवा फोर्क, नवा क्लच, आणि शेवटी टाकीवरच्या नावापुरतीच गाडी जुनी. न थांबण्याचा नियम आणि गाडी कोणत्या साली बनलेली असावी हा नियम एकमेकांना धरून उभे आहेत. एक सोडला की दुसरा टिकत नाही. शिवाय थांबायला मुभा देऊन वेळेची मर्यादा ठेवली तर प्रत्येक सेक्शनवर वेळ मोजणारा जास्तीचा माणूस लागतो, आणि क्लबांच्या स्पर्धा स्वयंसेवकांवर चालतात.

चांगला आखणारा काय करतो, तेही सांगतो. तो ताठ मागच्या चाकाची, म्हणजे मागे स्प्रिंग नसलेली गाडी घेतो, हँडल पूर्ण वळवतो आणि वळणातून ती ढकलत नेतो. ढकलताना वळली नाही तर खुणा बाहेर सरकवतो. स्कॉटलंडमधल्या किनलॉखलेव्हनला १९८४ पासून ‘प्री-६५ स्कॉटिश’ ही १९६५ पूर्वीच्या गाड्यांची स्पर्धा होते. तिथला ‘पाइपलाइन’ हा सेक्शन पाण्याच्या मोठ्या नळांच्या कडेने सरळ वर जाणारा, सैल दगडांचा लांब चढ आहे. त्यात एकही युक्तीचं वळण लागत नाही. गती धरून ठेवणं आणि मागच्या चाकाला पकड मिळत राहील इतपतच थ्रॉटल देणं, यातच सगळी परीक्षा आहे. तो चढ पाहिलेला माणूस न थांबण्याच्या नियमाला सोय म्हणणार नाही.

तुमचा एक मुद्दा मान्य. हवेचे आकडे द्यायला हवे होते. मागचा ४.०० बाय १८ किंवा १९चा ट्रायल्स टायर असेल तर ४ ते ६ पौंड, पुढच्या २.७५ बाय २१ मध्ये ६ ते ८. स्वार जड किंवा सेक्शन दगडी असेल तर वरचा आकडा, चिखल आणि मुळं असतील तर खालचा. साधा गेज इतक्या खाली भरवशाचा नसतो. ० ते १५ पौंडांचा वेगळा गेज घ्या. जुन्या रिममध्ये ट्यूब असते, म्हणून टायर रिमवर सरकू नये यासाठी मागे सिक्युरिटी बोल्ट हवाच. तो नसेल तर टायर ट्यूबला ओढून नेतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. व्हॉल्व्हची चकती रिमवर आवळू नका, ती वर टोपीकडे फिरवून ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसू लागला की टायर सरकतोय हे वेळेत कळतं.

नव्या भागांबद्दल मी इथे वाद घालणार नाही. कोणता भाग चालतो हे त्या स्पर्धेचे तपासनीस ठरवतात, त्यांची यादी आधी जाहीर असते, आणि ती न वाचता ‘सगळं खोटं’ म्हणणं सोपं असतं. जाता जाता, २०१९ साली भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ या नावाने विकायला आलेल्या गाडीचा तुम्ही दाखला दिलात, तो इथे लागू होत नाही. ती रस्त्यावरची गाडी होती, नाव जॉनी ब्रिटनच्या काळाची आठवण म्हणून दिलेलं.

बरोबरीचं एका ओळीत लिहिलं, कारण ते आहेच तेवढं: ज्याचे शून्य जास्त तो पुढे, मग एकचे आकडे, मग दोनचे, मग तीनचे, तरीही बरोबरी राहिली तर सुरुवातीपासून न चुकता जो जास्त लांब गेला तो. काही क्लब त्याऐवजी वेळेची परीक्षा ठेवतात, ते पूरक नियमांत पाहावं.

माझ्या मांडणीच्या विरुद्ध जाणारं एखादं कलम तुमच्याकडे असेल तर ते कलमासकट लिहा, मी उत्तर देईन. वयावरून केलेल्या शेऱ्यांना यापुढे देणार नाही.