सॉरी म्हणजे दुखणं

गेल्या महिन्यात एका जवळच्या मैत्रिणीला मी चारचौघांत तोडून बोलले. रात्री मेसेज टाकला, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." तिचं एका ओळीचं उत्तर आलं, "मला वाटलंच आहे. तुझं काय?"

ते 'तुझं काय' डोक्यातून जाईना. म्हणून सॉरीचं मूळ शोधत बसले. जुन्या इंग्रजीत तो 'सारिग' होता, 'सार' या शब्दावरून आलेला. सार म्हणजे वेदना, जखम. घसा धरला की आपण 'सोअर थ्रोट' म्हणतो ना, त्यातला सोअर हा याचा सख्खा भाऊ. 'सॉरो' म्हणजे दुःख, तो मात्र वेगळ्या घरचा. त्याचं मूळ 'सोर्ग', म्हणजे चिंता. कानाला सारखे, अर्थानेही जवळ, त्यामुळे दोघं एकाच घरातले वाटू लागले.

म्हणजे सॉरी म्हणणारा मुळात सांगतो ते एवढंच, की मला दुखतंय. कुणी गेलं की घरच्यांना 'आय ॲम सॉरी' म्हणतात, तिथे कुठे कुणाची चूक असते? आणि माझ्या मेसेजमधल्या 'असेल तर'ने मी ते दुखणं उचलून सरळ तिच्या पदरात टाकलं होतं!

'अपॉलजी'चं मूळ तर ग्रीक 'अपोलोगिया', म्हणजे कोर्टातला बचाव. इसवी सन पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसने अथेन्सच्या न्यायसभेपुढे केलेलं भाषण अपोलोगियाच होतं आणि त्यात त्याने माफी मागितली नव्हती. माझा मेसेज त्याच जातीचा. बचावाचा.

एका शब्दासाठी माणसं किती अडून बसू शकतात, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथल्या आदिवासींची मुलं सरकारने कित्येक दशकं आईबापांपासून तोडून नेली. 1999 मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत ठराव आणला, त्यात 'रिग्रेट' होतं, सॉरी नव्हतं. खेद कागदावर व्यक्त करता येतो, त्याला दुखावं लागत नाही. लोकांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि मला ते अगदी पटतं. शेवटी 13 फेब्रुवारी 2008 रोजी तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून सॉरी म्हटलं. तेव्हा नेलेली ती मुलं, आता वय झालेली, प्रेक्षक सज्जात बसून रडत होती.

परवा मी मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, "चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं मी." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या रात्री झोपच लागली नाही गं मला."