म्हणे फोटो सेव्ह केला की डबल नेट जातं!

परवापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आज तिसऱ्यांदा आला. "नेट वाचवायचंय? फोटो सेव्ह करू नका, डबल नेट जातं, स्क्रीनशॉट काढा. इन्कॉग्निटोत बघा. रोज कॅशे साफ करा. क्रोमचा लाइट मोड चालू ठेवा." माझी मावशी ब्लाऊज शिवते, गिऱ्हाईक समोर बसलं की फोनवर गळ्यांची डिझाइन्स दाखवते, तिने हे सगळं मनापासून सुरू केलं आणि तिचं दिवसाचं दीड जीबी दुपारीच संपायला लागलं. म्हणून लिहितेय.

डबल नेट वगैरे काही नाही हो. फोटो स्क्रीनवर नीट दिसला म्हणजे तो फोनमध्ये येऊन बसलेला असतोच, नेट जायचं ते तेव्हाच गेलं. दाबून धरून सेव्ह करता तेव्हा ब्राउझर बहुतेक वेळा कॅशेत, म्हणजे फोनमधल्या त्याच्या तात्पुरत्या साठ्यात, पडलेली तीच प्रत उचलून ठेवतो. हां, वॉलपेपरच्या साइटवर वेगळं डाउनलोडचं बटण असतं ना, तिथे मात्र मोठी ओरिजनल फाइल नव्याने येते, ती काही एमबीची असू शकते, ते बटण जपून दाबा.

स्क्रीनशॉटला नेट लागत नाही हे खरं, पण सेव्हलाही जवळपास लागत नाही मग मिळवलं काय? वर बॅटरी आणि घड्याळ आलं फोटोत, सर्चमधल्या छोट्या चित्राचा काढला तर झूम केल्यावर गळ्याची पाइपिंग कुठे अन् लेस कुठे काही कळत नाही. शिवाय बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट पीएनजी होतो, म्हणजे मूळ फोटोपेक्षा कितीतरी जड फाइल, आणि गॅलरीचा बॅकअप मोबाइल डेटावर चालू असेल तर ती वर चढवायलाही नेट तुमचंच.

आता इन्कॉग्निटो आणि कॅशे, खरा घोळ इथे आहे. कॅशे म्हणजे एकदा आणलेलं सामान घरात ठेवणं, तीच साइट परत उघडली की लोगो, फोटो बरंचसं घरातूनच निघतं. ते रोज साफ केलं की रोज नव्याने आणायचं. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची हिस्टरी न ठेवणारी खासगी खिडकी, तर तुमचं आधीचं सामान वापरतच नाही आणि सगळे टॅब बंद केले की आतलंही टाकून देतो, म्हणजे मावशी एकच डिझाइन चार गिऱ्हाइकांना चार वेळा नेट घालवून दाखवत होती! फोनची जागा भरली तर करा साफ, पण नेट वाचावं म्हणून नको.

क्रोमचा लाइट मोड, म्हणजे पानं हलकी करून नेट वाचवणारी सोय, २०२२ मध्येच बंद झाला, शोधू नका. फोटोच हलके हवे असतील तर ऑपेरा मिनी हा ब्राउझर घ्या, त्यात फोटोची क्वालिटी कमी करता येते, पार बंदही करता येतात.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट म्हणजे पिंटरेस्ट. फोटोंच्या या अ‍ॅपवर सेव्ह दाबलं की फोटो फक्त तिथल्याच तुमच्या बोर्डवर, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, जातो, फोनमध्ये येत नाही. तीन टिंबांवर जाऊन डाउनलोड करावं लागतं. मावशीचे शंभरेक गळे असे "सेव्ह" होते, नेट संपलं की एकही दिसेना.

आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टोरेज आणि डेटाच्या सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटावरचं ऑटो डाउनलोड बंद करा, सकाळची फुलं आपोआप उतरतात ती थांबतील. दिवसाचं नेट संपल्यावर बऱ्याच पॅकमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी, दोनशे केबीच्या एका फोटोला २५ सेकंद, तेही सगळं सुरळीत असलं तर, आणि समोर गिऱ्हाईक टेपकडे बघत बसलेलं.

मावशीने आता गॅलरीत "मागचे गळे" आणि "बाह्या" असे दोन फोल्डर केलेत. गिऱ्हाईक आलं की आधी नेट बंद करते, मग फोन हातात देते, कारण त्या बायका डिझाइन बघता बघता रील्सवर जातात.